तोडलेली साखर

लोक सोलापूरला चादरी घ्यायला जातात, चटणी घ्यायला जातात. मी गेले ती माझं एक वाक्य परत घ्यायला. ते दिवाळी अंकात छापून आलं होतं. छापलेलं वाक्य परत घ्यायचं तर ते जिथे जाऊन बसलंय तिथे आपल्यालाच जावं लागतं, हे मला पन्नाशी उलटल्यावर कळलं.

ते जाऊन बसलं होतं सोलापूरजवळच्या होटगीला, माझ्या मामेबहिणीच्या देव्हाऱ्याशेजारी. शारदाक्का माझ्याहून बारा वर्षांनी मोठी. गेल्या पावसाळ्यात तिच्या मोठ्या आतड्यात कर्करोगाची गाठ निघाली. ऑपरेशन झालं, गाठ काढली, आणि उरल्यासुरल्या पेशींसाठी दर पंधरवड्याला सोलापूरच्या दवाखान्यात केमो सुरू झाली. चार डोस झाले. पाचव्याला डॉक्टरांनी तिला काट्यावर उभं केलं आणि तसंच परत पाठवलं. त्या संध्याकाळी दाजींचा, म्हणजे तिच्या नवऱ्याचा, मला फोन आला.

"वजन लई उतरलंय बगा. डॉक्टर म्हनत्यात, सोमवारी बेचाळीस भरलं तरच औषध चढवू. आन् ही काय खाईना. तुमी या. तुमचंच ऐकून बसलीया ती."

"माझं? माझं काय ऐकलं तिने?"

"साखर तोडलीया की तिनं," दाजी म्हणाले.

आता हे सांगायला हवं की गेली बारा वर्षं मी पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत साखर तोडण्याचंच काम बघते. आपली प्रत्येक पेशी साखरेचा रेणू पायरीपायरीने तोडते. प्रत्येक पायरीवर एक विकर, म्हणजे एन्झाइम, राबत असतं. कर्करोगाच्या पेशी हे काम फार घाईने करतात. आणि गंमत अशी की यातली काही विकरं साखर तोडून गप्प बसत नाहीत. पेशीने वाढावं की थांबावं, या निरोपानिरोपीतही त्यांचा हात असतो. हे सगळं मी लेखात लिहिलं, आणि इंग्रजी शब्द एकही येऊ द्यायचा नाही असा हट्ट धरून लिहिलं. मोठ्या दिमाखात एक वाक्य टाकलं: 'कर्करोगाची पेशी वाढणार की थांबणार, हे साखर तोडण्यावर ठरतं.'

लिहिताना मला तोडणं म्हणजे तुकडे करणं एवढंच दिसत होतं. आजारी माणसाचं मीठ तोडतात, बाळाचं अंगावरचं दूध तोडतात, हे बोलणं मी लहानपणापासून ऐकलेलं. ऐन वेळी ते कुठे दडी मारून बसलं होतं कोण जाणे. अक्काने ते वाक्य वाचलं आणि भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवसापासून साखर तोडली.

केम, मग होटगी

गाडीत मला झोप लागते आणि झोपेत पेशी दिसतात. केम स्टेशनात क्रॉसिंगसाठी गाडी थांबली तेव्हा जाग आली. बाहेर धुकं होतं. ज्वारीची ताटं धुक्यात बुडून गेली होती आणि वर नुसती कणसं दिसत होती. लांबवर, तशीच्या तशी, हलत नसलेली. फलाटावर एक बाई शाल गुंडाळून बसली होती, ती मी बघत होते तेवढा वेळ एकदाही हलली नाही. इंजिनाचाही आवाज नव्हता. मला वाटलं, आपण इथेच उतरावं, त्या कणसांमध्ये जाऊन उभं राहावं आणि कुणालाच काही समजावून सांगू नये. मग गाडीने एक हिसका दिला आणि कुठून कोण जाणे चहावाला उगवला.

होटगीला उतरल्यावर पहिली फजिती झाली. माणसाच्या घरी जाताना रिकाम्या हाताने जायचं नाही, या सवयीने मी पुण्याहून आंबाबर्फीचा खोका आणला होता. साखर तोडलेल्या बाईच्या घरी! मी तो पिशवीत साड्यांखाली दाबला. दाजी स्टेशनावर घ्यायला आले होते. जन्मभर याच रेल्वेत रूळ बदलणाऱ्या पॉइंट्समनचं काम केलेला माणूस. अजूनही रूळ ओलांडताना दोन्हीकडे बघून घेतात आणि मग आपल्यालाही हात धरून थांबवतात. त्यांनी मला घराकडे न नेता आधी चहाच्या टपरीवर नेलं.

"हितं घ्या पोटभर. घरी साखर न्हाय. डबा कुटं दडवलाय तिनं, मलाबी गावंना." त्यांनी दोन कप गोडमिट्ट चहा घेतला, मिशा पुसल्या आणि बजावलं, "सांगू नका तिला."

अक्का दारात उभी होती. तिला बघून मी चरकले, हे खरं सांगायला पाहिजे. ही बाई एका हाताने पाण्याचा हंडा उचलायची. आता पातळात कुणी आहे की नाही असं वाटत होतं. हातात लाल लोकरीचे मोजे. सोलापूरकडची थंडी ती केवढी, दुपारी पंखा लावायची; पण त्या औषधाने तिच्या बोटांना गार काही सोसत नाहीसं झालं होतं. स्टीलचा पेला धरला तरी हातात वीज गेल्यासारखं व्हायचं.

"बा, बा," ती कानडीत म्हणाली, म्हणजे ये, ये. आमच्या आजोळी अक्कलकोटच्या बाजूला सगळं असंच चालतं. माया कानडीत आणि भांडण मराठीत. "कवा निघालीस गं? खाल्लंस का काय? बस की."

जेवायला कडक भाकरी, शेंगाचटणी, दही आणि शेपूची भाजी. पुण्यात आमच्या आमटीतसुद्धा गुळाचा खडा पडतो, त्यामुळे इथला पहिला घास मला नेहमी जिभेवर चापट मारल्यासारखा लागतो आणि दुसऱ्या घासाला तो आवडायला लागतो. मी दोन भाकरी खाल्ल्या. अक्काने एका भाकरीचा चतकोर घेतला, त्यातलाही अर्धा ठेवला आणि ताट बाजूला केलं. "साकु," म्हणाली. पुरे.

"अक्का, अगं भाकरी तरी खा."

"भाकरीचीबी आत जाऊन साखरच हुती न्हवं? तूच लिवलंयस की."

ते मी लिहिलं होतं. तिसऱ्या परिच्छेदात. तेही खरं होतं.

मग तिने मला देव्हाऱ्याशी नेलं. इष्टलिंगाच्या डबीशेजारी, विभूतीच्या गोळ्याला टेकून माझा लेख उभा होता. अंकातून नीट कापून घेतलेला, पुठ्ठ्यावर चिकटवलेला आणि त्या एका वाक्याखाली लाल शाईची रेघ. अक्का सातवी शिकलेली. ती रेघ पट्टीने मारलेली होती. शेजारीण ताक द्यायला आली तर तिला अक्का म्हणाली, "ही आमची विजू. हिनंच लिवलंय ते. डॉक्टर काय, समद्यांनाच खा खा म्हनत्यात. ही घरची हाय, ही खरं सांगनार."

त्या क्षणी बोलायला हवं होतं. मी नुसती हसले. लाज वाटली आणि भीतीही वाटली. तिच्या तोंडावरचा तो अभिमान मला माझ्या हाताने पुसवेना. उरलेला दिवस मी अंगणात बाजेवर पडून राहिले. कडुलिंबाची पानं वरून एकेक गळत होती, मालगाड्या येत होत्या, जात होत्या, आणि माझं धाडस होत नव्हतं.

कांडीचं मशीन

दुसऱ्या दिवशी दाजी सोलापुरात अक्कासाठी जाड चादर आणायला निघाले, मी त्यांच्याबरोबर गेले. त्यांच्या एका जुन्या मित्राचा पूर्व भागात चादरींचा लहानसा कारखाना आहे. गल्लीत शिरलं की एरवी मागांचा आवाज पायाच्या तळव्यांतून वर चढतो. त्या दिवशी गल्ली गप्प होती. सुताचा टेंपो आला नव्हता. दहा-बारा माग नुसते उभे, उन्हाच्या तिरप्या पट्ट्यात तंतूंची धूळ तरंगत असलेली, आणि विणकर मागांना टेकून पेंगत असलेले. मीही एका पेटीवर बसले आणि माझीही अर्धवट तंद्री लागली.

समोर एक ठसठशीत बाई मुकादमाशेजारी बसून तेलुगूत काहीतरी रंगवून सांगत होती. तिचं नाव नरसम्मा. मागावर इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्यात सुताची जी कांडी बसते ती मशीनवर भरून द्यायचं तिचं काम. सूत नाही म्हणून ती रिकामी, आणि ती रिकामी म्हणून मुकादम तिच्या गोष्टीत अडकलेला. तो दोनदा उठायला गेला. तिने एकदा त्याची बाही धरली, दुसऱ्यांदा नुसता आवाज चढवला. तो बसला.

मग टेंपो आला. सुताचे गठ्ठे आत पडले तशी नरसम्मा गोष्ट अर्ध्यावर टाकून उठली, पदर खोचला आणि कांडीच्या मशीनला भिडली. मुकादम एकटाच राहिला. त्याने झोपेतून उठल्यासारखं इकडेतिकडे बघितलं, उभा राहिला आणि ओरडला, "ए, चालू करा रे समदे!" सगळे माग एकदम धडधडायला लागले.

मी ताठ बसले. मी ज्याचा अभ्यास करते ते सहाव्या पायरीवरचं विकर माझ्या डोळ्यांदेखत पदर खोचून उभं होतं. पेशीत अगदी असंच होतं. साखर कमी असली की हे विकर रिकामं असतं, आणि रिकामपणी ते 'वाढा' असा हुकूम पुढे नेणाऱ्या प्रथिनाला धरून बसतं. साखर आली की ते कामाला लागतं. त्याची पकड सुटते, तो मुकादम मोकळा होतो, आणि मोकळा झाला की ओरडतो. कर्करोगाच्या पेशीत सुताचे टेंपो येतच राहतात, म्हणून तिथला मुकादम ओरडायचा थांबत नाही. बारा वर्षं मी हे काचेच्या नळ्यांमध्ये बघत आले, पण त्या विकराला चेहरा असेल असं कधी मनात आलं नव्हतं.

मी टक लावून बघत होते ते नरसम्माच्या ध्यानात आलं. "काय बगलालाव ओ बाई? कांडी कदी बगितली न्हाय काय?"

"तुम्ही बोलत असता तेव्हा मुकादम उठत नाहीत का हो?" मी विचारलं.

"मी सोडल्याशिवाय कुटं उटतोय तो!" ती म्हणाली, आणि मागांच्या आवाजाच्याही वर हसली.

परतताना एसटीत चादरीचं गाठोडं मांडीवर घेऊन बसले. नव्या सुताचा वास येत होता आणि कानात माग चालूच होते. बाहेर संध्याकाळ पिवळी होत गेली. अक्काला कसं सांगायचं ते मला आता कळलं होतं.

आगटीभोवती

शनिवारी दुपारी दाजींनी आपल्या शेतात आगटी लावली. जमिनीत लहानसा खड्डा, त्यात गोवऱ्यांचा निखारा, आणि निखाऱ्यात खुपसलेली ज्वारीची कोवळी कणसं. हुरड्याचे दिवस फार थोडे असतात. दाण्यात दूध भरतं तेव्हा त्यात साखर असते; आठ-दहा दिवसांत त्याच साखरेचं पीठ होतं आणि दाणा टणक होतो. त्या थोड्या दिवसांच्या मध्यावर आम्ही तिघं बसलो होतो. मालदांडी ज्वारीचं रान चारी बाजूंनी उंच उभं होतं, वारा आला की एकदम सळसळून परत गप्प होत होतं. धूर सरळ वर जात होता.

अक्काने हातमोजे काढले. जेवण सोडलं तर, मी आल्यापासून पहिल्यांदाच. गरम कणीस तळहातांत घेऊन ती चोळायला लागली. ऊब लागली तशी तिची बोटं सैल झाली. हिरवे दाणे निघाले, तिने फुंकर मारून कोंडा उडवला आणि मूठ माझ्या हातावर रिकामी केली. दुसरी दाजींच्या. तिसरीही दाजींच्याच.

"तू घे की," दाजी म्हणाले.

"बेड," ती म्हणाली. नको. "गोड हाय."

तेव्हा मी बोलले. "अक्का, मी चुकीचं लिहिलं."

ती हसली. "छापलेलं चुकतं व्हय?"

"तोडणं म्हणजे मला मोडणं म्हणायचं होतं. पेशी साखर मोडते, तुकडे करते, ते. साखर बंद करा असं नव्हतं म्हणायचं मला." आणि मग मी तिला नरसम्माची सगळी हकिगत सांगितली. टेंपो, कांडी, बाही धरून ठेवलेला मुकादम. अक्का कणीस चोळायची थांबली आणि लक्ष देऊन ऐकत राहिली. मला वाटलं, जिंकले.

"मग बराबरच की," ती म्हणाली. "टेंपो बंद केला, तर नरसम्मा रिकामी. मुकादम गप. म्या तेच केलंय."

माझे विद्यार्थी इतका सरळ प्रश्न विचारत नाहीत. दाजी निखारे सारखे करायला लागले.

"तुला टेंपो बंद करता येत नाही गं," मी हळूहळू म्हणाले. "तू खाल्लं नाहीस तर शरीर थांबत नाही. ते तुझ्या दंडाचं, मांड्यांचं मांस मोडतं, त्याची साखर करतं आणि रक्तात घालतं. रक्तात साखर लागतेच, नाहीतर माणूस जगत नाही. आणि त्या वाईट पेशी पहिल्या रांगेत उभ्या असतात. त्यांना त्यांचं मिळतंच."

"म्हंजे गाठ वाळली न्हाय?"

"नाही अक्का. तू वाळलीस."

तिने आपल्या दंडाकडे बघितलं. काकण कोपराच्याही वर सरकत होतं ते खाली आणलं. मग बोलली तेव्हा आवाज चढलेला होता.

"नातीचं बारसं झालं. गव्हाची हुग्गी केली व्हती, गूळ घालून, माज्या हातानं. समद्यांनी वाटी वाटी खाल्ली. सून म्हनाली, आत्या, जिभंला तरी लावा. म्या लावली न्हाय. का तर विजूनं लिवलंय!" तिचे डोळे भरून आले होते. "पुन्यात बसून लिवायचं, आन् आमी हितं देवापाशी ठिवायचं. एक शबूद नीट लिवायला काय झालं हुतं गं तुला?"

मी म्हणाले, "चुकलं माझं," आणि मलाही रडू आलं. दाजी उठून उगाचच बांधापर्यंत जाऊन आले.

"बारा वर्सं मग बगतीस काय तू?" तिने नाक पुसत विचारलं.

"सूत आलं तरी नरसम्माने मुकादमाची बाही सोडू नये, असं काही औषध करता येईल का, ते. माझ्यासारखे पुष्कळ जण बघतायत. मला अजून जमलेलं नाही."

"जमंल तवा नीट लिही," ती म्हणाली.

तिने आणखी एक कणीस निखाऱ्यातून ओढलं, चोळलं, फुंकलं. मग आमच्याकडे पाठ करून, रानाकडे तोंड करून बसली आणि ती मूठ तोंडात टाकली. तिचा जबडा हलताना मागून दिसत होता. दुसऱ्या मुठीला तिने मागे न बघता हात पसरला. दाजी तिच्या हातावर दाणे ठेवत गेले, ठेवत गेले, आणि चटणीची वाटी तिच्याकडे सरकवून ठेवली. ज्वारीतून ऊन गाळून येत होतं. त्या दुपारी घड्याळ कुठेतरी थांबलं होतं अशी माझी खात्री आहे.

रविवारी तिने सकाळी शेंगापोळी खाल्ली, दुपारी भात खाल्ला आणि संध्याकाळी साखर घातलेलं दूध प्याली. आवडीने खाल्लं असं म्हणणार नाही. शेतात भांगलण संपवतात तसं दात आवळून संपवलं. आंबाबर्फीचा खोकाही मी साड्यांखालून काढला. त्यातली एक वडी तिने वास घेऊन परत ठेवली आणि म्हणाली, "ह्ये काय आंबं न्हवं." माझ्याशी ती जेमतेमच बोलत होती.

सोमवार

दवाखान्यात सकाळी दहाला आमचा नंबर आला. अक्का काट्यावर चढली ती नवी चादर अंगावर पांघरून. सोलापूरची चादर म्हणजे दीड किलो तरी असेल.

"आजी, चादर काढा," सिस्टर म्हणाली.

"थंडी वाजती मला."

"पायातलं पण काढा."

काढलेली चादर हातात धरून दाजी भिंतीकडे बघत उभे राहिले. मी काट्याकडे बघितलं नाही, सिस्टरच्या तोंडाकडे बघितलं. ती वाकली, मग पेन काढलं. "बेचाळीस, दोनशे," म्हणाली, आणि कागदावर लिहिलं. डॉक्टरांनी तो कागद बघितला, अक्काची खालची पापणी ओढून बघितली आणि मान हलवली. दाजी मटकन बाकावर बसले.

आत मोठी खोली होती, खुर्च्यांची रांग, प्रत्येक खुर्चीत कुणी ना कुणी डोळे मिटून पडलेलं. पडद्यांतून येणारा उजेड हिरवट होता. बोलणं कुजबुजीत चाललेलं. सिस्टरने अक्काच्या हाताला सुई लावली, औषध मिसळलेली बाटली वर टांगली आणि नळी जोडली. मी सहज वर बघितलं आणि बाटलीवरची अक्षरं वाचली. डेक्स्ट्रोज. वाचलं आणि पटकन नजर काढून घेतली. पण अक्काने माझं तोंड बघितलं होतं.

"काय लिवलंय गं त्येच्यावर?"

सलाईन आहे, असं म्हणता आलं असतं. खोटंही झालं नसतं, सगळे त्याला सलाईनच म्हणतात. पण इतकं करून तिने हात मागे घेतला तर? दाजी माझ्याकडे बघत होते आणि त्यांना काही माहीत नव्हतं.

"साखरेचं पाणी आहे, अक्का," मी म्हणाले. "हे औषध मिठाच्या पाण्यात टिकत नाही. म्हणून साखरेच्या पाण्यात घालून देतात."

"आदीच्या चार बारीला?"

"चारही वेळा हेच होतं."

सिस्टरचा अंगठा नळीच्या चाकावर तसाच थांबला होता. अक्काने बाटलीकडे बघितलं. मग तिने हात खुर्चीच्या दांडीवर सरळ केला आणि डोकं मागे टेकलं.

"सोडा की मग," ती सिस्टरला म्हणाली.